शोधनिबंधावर शंका घेतली तर आपल्याच विषयाशी बेइमानी होते का?

पत्र थोडक्यात असं : पुण्यात मानसशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मैत्रिणीने लिहिलं आहे. तिची मावसबहीण लग्नानंतर इंग्लंडला गेली, तिथे शाळेत शिकवत होती. एका साध्या वाटणाऱ्या व्हायरल तापानंतर तिची ताकद परत आलीच नाही. निदान झालं एमई/सीएफएस, म्हणजेच क्रॉनिक फटीग सिंड्रोम. काही वर्षांपूर्वी तिकडच्या एका क्लिनिकने तिला ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे व्यायाम वाढवत न्यायला लावला आणि 'आजाराबद्दलचे चुकीचे विचार' बदलण्यासाठी सीबीटीची, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराची, सत्रं दिली. त्यानंतर ती जी आडवी झाली ती आज घराबाहेर पडत नाही. इकडे या मैत्रिणीने डिझर्टेशनला विषय घेतलाय तोच : दीर्घकालीन थकव्यावर सीबीटी. बहिणीचा अनुभव सांगितल्यावर गाइड सर म्हणाले, "एका पेशंटची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ६४१ जणांची चाचणी छापून आली आहे, ती वाच." आईचं म्हणणं, "तिनं फार मनावर घेतलंय. रोज सूर्यनमस्कार घातले तर महिन्यात उठून बसेल." मैत्रीण विचारते : विश्वास कुणावर ठेवू? विषय बदलू का? आणि बहिणीशी फोनवर काय बोलू? शेवटी एक ओळ आहे, "ताई, एका बाजूला माझा विषय आणि दुसऱ्या बाजूला माझी बहीण, असं झालंय."

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या त्या शेवटच्या ओळीपाशी मी थांबले. विषय आणि बहीण या दोन बाजू तू मानल्यास कुठून? चाचणीवर शंका घेतली की आपण मानसशास्त्राच्या विरोधात गेलो, असं तू गृहीत धरलं आहेस. संशोधनपद्धती हा विषय मी अनेक वर्षं शिकवला, त्या आधारावर तुला सांगते की या चाचणीवर घेतले गेलेले सगळ्यात जोरदार आक्षेप मानसशास्त्राने स्वतःच आपल्याला शिकवलेले आहेत. माणूस प्रश्नावली भरताना समोरच्याला काय हवंय ते ओळखतो, अपेक्षेचा परिणाम उत्तरावर होतो, मोजपट्टी बदलली की निष्कर्ष बदलतो. हे तू एम.ए.च्या पहिल्या वर्षाला शिकलीस. तेच इथे लावायचं आहे.

सर ज्या चाचणीबद्दल बोलले ती ब्रिटनमधली पेस चाचणी. २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये आली, खर्च सुमारे ५० लाख पौंड, पैसा सरकारी. ६४१ रुग्णांचे चार गट केले. सगळ्यांना डॉक्टरांची नेहमीची देखभाल होतीच. त्यावर एका गटाला सीबीटी, दुसऱ्याला टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेला व्यायाम, तिसऱ्याला आपल्या ताकदीच्या मर्यादेत राहून दिवस आखण्याची पद्धत, आणि चौथ्याला वेगळं काहीच नाही. निष्कर्ष आला की सीबीटी आणि व्यायाम यांनी रुग्ण सुधारतात. २०१३ साली त्याच संशोधकांनी लिहिलं की या दोन गटांतले २२% रुग्ण 'बरे' झाले, उरलेल्या दोन गटांत ७-८%. तुझ्या बहिणीला जो सल्ला मिळाला त्याच्यामागे ही चाचणी आणि तिच्याआधीचं त्याच धाटणीचं संशोधन होतं.

आता जरा आत जाऊन बघ. शारीरिक क्षमता मोजायला दहा प्रश्नांची एक पट्टी वापरली होती, जिना चढता येतो का, वाकता येतं का, आंघोळ स्वतः करता येते का अशा प्रश्नांची. गुण शून्य ते शंभर, जास्त म्हणजे चांगले. चाचणीत प्रवेश मिळायचा तर गुण ६५ किंवा त्याहून कमी हवेत, कारण तेवढे कमी असले तरच माणूस पुरेसा आजारी. मूळ आराखड्यात 'बरा झाला' म्हणायला ८५ गुण लागणार होते. पुढे ती रेषा ६०वर आणली. म्हणजे ६५ गुणांची बाई आजारी म्हणून आत आली आणि वर्षभराच्या उपचारांनंतर ६०वर घसरली, तरी या पट्टीवर तिची गणना 'सामान्य मर्यादेत' होणार. बरं होण्यासाठी थकव्याचे गुण वगैरे इतर अटीही होत्या, हे खरं. तरीही सुमारे १३% सहभागी उपचार सुरू व्हायच्या आधीच निदान एका मापावर 'सामान्य' ठरत होते. ६० हा आकडा काढला तो सर्वसाधारण लोकसंख्येच्या सरासरीतून एक प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) वजा करून, आणि त्या लोकसंख्येत म्हातारी माणसं होती, आजारी माणसंही होती. शिवाय ही गुणांची मांडणी एका टोकाला झुकलेली असते, बहुतेक धडधाकट लोक शंभराच्या आसपास असतात. अशा ठिकाणी सरासरीतून विचलन वजा करायचं नसतं, हे तुझ्या स्टॅटिस्टिक्सच्या पेपरलाही विचारतात.

थकवा मोजायला आणखी एक प्रश्नावली होती, अकरा प्रश्नांची. ती डाउनलोड कर आणि बहीण म्हणून स्वतः भरून बघ. 'जास्त विश्रांती घ्यावी लागते का?' उत्तरं अशी : नेहमीपेक्षा कमी, नेहमीइतकीच, नेहमीपेक्षा जास्त, नेहमीपेक्षा खूप जास्त. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईचं 'नेहमी' कोणतं धरायचं? आजारापूर्वीचं, की गेल्या महिन्यातलं? आणि पहिल्याच दिवशी तिने सगळीकडे शेवटच्या रकान्यात खूण केली असेल तर सहा महिन्यांनी आणखी खालावल्यावर खूण कुठे करायची? त्याच्या पुढे रकानाच नाही. प्रकृती बिघडल्याची नोंदच ज्या मापावर होऊ शकत नाही, त्याच्या जिवावर 'उपचार सुरक्षित आहे' असं कसं म्हणायचं?

माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण मात्र वेगळीच आहे. चाचणीत कुणाला कोणता उपचार मिळतोय हे सगळ्यांना ठाऊक होतं. मानसोपचारात ते टाळता येत नाही, तो काही संशोधकांचा दोष नाही. पण मग मुख्य निकाल तरी असा हवा की जो माणसाच्या सांगण्यावर अवलंबून नसेल. इथे मुख्य निकाल दोन, आणि दोन्ही रुग्णाच्या तोंडचे. त्यातही सीबीटीचा हेतूच मुळी लक्षणांकडे बघण्याची दृष्टी बदलण्याचा. व्यायामाच्या गटाला सांगितलं जायचं की शरीरात ताकद परत यायला अडथळा असा काही नाही. वर्षभर माणसाला 'तुझा थकवा तुला वाटतो तितका गंभीर नाही' असं शिकवायचं आणि शेवटी त्यालाच विचारायचं, थकवा किती? त्यात भर म्हणजे चाचणी चालू असतानाच सहभागींना पाठवलेल्या वार्तापत्रात उपचारांची तारीफ करणाऱ्या रुग्णांचे अनुभव छापले होते.

सांगणं आणि होणं यात किती अंतर पडू शकतं, याचं एक सुरेख उदाहरण दम्याचं आहे, सरांशी बोलताना तुला उपयोगी पडेल. २०११ सालीच 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छोटासा अभ्यास आला. दम्याच्या रुग्णांना कधी खरा इन्हेलर दिला, कधी औषध नसलेला, कधी खोटं ॲक्युपंक्चर केलं, कधी काहीच केलं नाही. 'बरं वाटलं का?' विचारल्यावर पहिल्या तिन्हींत जवळजवळ सारखंच उत्तर, ४५ ते ५०% सुधारणा. पण फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजली तेव्हा खऱ्या औषधाने २०% वाढ, बाकी सगळ्यांत ७%च्या आसपास. रुग्ण खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच बरं वाटलं होतं, श्वासनलिका मात्र होत्या तशाच आवळलेल्या होत्या.

पेसमध्येही अशी मापं होतीच. सहा मिनिटांत किती चालता येतं ते मोजलं होतं. व्यायामाचा गट ३१२ मीटरवरून ३७९वर गेला, नुसती देखभाल मिळालेला गट ३१४वरून ३४८वर. फरक तीस-पस्तीस मीटरचा. सीबीटीच्या गटाला चालण्यात म्हणावा असा फायदा दिसला नाही. अंगावर बांधून दिवसभराची हालचाल मोजायची यंत्रं सुरुवातीला वापरली, पण शेवटी वापरली नाहीत, रुग्णांना त्रास नको म्हणून. नेदरलँड्समध्ये तशी यंत्रं सीबीटीच्या तीन चाचण्यांत वापरली होती. २०१०मध्ये ते आकडे आले : थकवा कमी झाला असं रुग्णांनी सांगितलं, हालचाल वाढली नव्हती.

मग हे सगळं उघडकीला कसं आलं? एका ऑस्ट्रेलियन रुग्णाने माहिती अधिकाराच्या ब्रिटिश कायद्याखाली मूळ आकडे मागितले. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाने नकार दिला, प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत गेलं, आणि २०१६मध्ये आकडे द्यावे लागले. मूळ आराखड्यातले निकष लावून बरे झालेल्यांचं प्रमाण पुन्हा काढलं तेव्हा सीबीटी ७%, व्यायाम ४%, देखभाल ३%, मर्यादेत राहणं २% असं आलं. गटांमधला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला टिकला नाही. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१७मध्ये हे दोन्ही उपचार आपल्या शिफारशींतून काढले. ब्रिटनमध्ये उपचारांचं सरकारी मार्गदर्शन ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने, ज्यांनी २००७मध्ये हेच उपचार सुचवले होते, २०२१मध्ये सगळ्या पुराव्याची प्रत 'कमी' किंवा 'अतिशय कमी' ठरवली आणि सांगितलं की ठरावीक मापाने वाढवत नेणारा व्यायाम या रुग्णांना देऊ नका. सीबीटी आधार म्हणून द्यावी, बरं करणारा उपचार म्हणून नव्हे.

दुसरी बाजूही तुझ्या प्रबंधात पूर्ण आली पाहिजे. पेसचे संशोधक आजही आपल्या निष्कर्षांवर ठाम आहेत. निकष आकडे पाहण्याआधीच बदलले आणि देखरेख समितीची संमती होती, असं ते सांगतात. 'लॅन्सेट'ने निबंध मागे घेतलेला नाही. २०२३मध्ये अनेक तज्ज्ञांनी मिळून 'नाइस'च्याच पद्धतीवर टीका केली. हे सगळं लिही, आणि मग तुला काय पटतं आणि का, तेही लिही.

आणि बहिणीच्या बाजूचं आहे म्हणून एखादं संशोधन डोळे मिटून घेऊ नकोस. २००९मध्ये 'सायन्स' नियतकालिकात बातमी आली की या आजारामागे एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू आहे. रुग्णांना वाटलं, सुटलो एकदाचे. तो प्रयोगशाळेतल्या भेसळीचा प्रकार निघाला आणि २०११मध्ये निबंध मागे घेतला गेला. नॉर्वेच्या डॉक्टरांनी रिटुक्सिमॅब हे औषध वापरून बघितलं, छोट्या अभ्यासात सुधारणा दिसली. त्यांनीच पुढे १५१ रुग्णांवर, कुणाला खरं आणि कुणाला खोटं औषध हे कुणालाच कळू न देता, मोठी चाचणी केली. २०१९मध्ये प्रामाणिकपणे छापलं की उपयोग नाही. मला या माणसांबद्दल फार आदर वाटतो. स्वतःच्याच आशेला इतकी कडक परीक्षा द्यायला लावणं सोपं नसतं.

आता सरांचं वाक्य. एका रुग्णाच्या अनुभवावरून सगळ्यांसाठी निष्कर्ष काढता येत नाही, हे त्यांचं बरोबरच आहे. पण त्या अनुभवावरून प्रश्न नक्की काढता येतो : ज्यांच्यावर चाचणी झाली ती माणसं माझ्या बहिणीसारखी होती का? पेसने १९९१चे ऑक्सफर्ड निकष वापरले. त्यात मुख्य अट सहा महिन्यांहून जास्त टिकलेला, माणसाला जेरीस आणणारा थकवा. थोड्या श्रमानंतर एक-दोन दिवसांनी माणूस कोसळतो आणि दिवसेंदिवस उठत नाही, हे या आजाराचं वैशिष्ट्य त्या निकषांत सक्तीचं नव्हतं. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५च्या अहवालात तेच लक्षण मध्यभागी ठेवलं.

हा फरक किती मोठा आहे ते आपल्या शेजारच्या गोव्यात बघ. २००५मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये गोव्यातल्या १८ ते ५० वयाच्या जवळपास अडीच हजार बायकांचं सर्वेक्षण आलं. सहा महिन्यांहून जास्त थकवा असल्याचं १२% बायकांनी सांगितलं, आणि त्याचा संबंध मानसिक त्रास, गरिबी, नवऱ्याकडून होणारा छळ यांच्याशी दिसला. फार मोलाचं काम आहे ते. त्या बायकांना समुपदेशनाने, पैशाच्या आधाराने, मारहाण थांबल्याने बरं वाटू शकतं. पण त्या बायका आणि तुझी बहीण यांना एकाच यादीत घातलं आणि यादीची सरासरी काढली, तर उपचार चांगला दिसेल आणि तुझ्या बहिणीसारखी पाच-दहा माणसं त्या सरासरीत गडप होतील.

म्हणून विषय बदलू नकोस, अरुंद कर. 'सीबीटीचा उपयोग होतो का' याऐवजी 'सीबीटीच्या चाचण्यांत काय मोजलं, कुणावर, आणि मूळ आराखड्याप्रमाणे मोजलं का' हा प्रश्न घे. आठ-दहा चाचण्या निवड. प्रत्येकीचा आधी जाहीर केलेला आराखडा आणि छापलेला निबंध शेजारी शेजारी ठेव. मुख्य निकाल तोच आहे का, रेषा हलली का, मधेच सोडून गेलेल्यांचं काय झालं, सांगण्यापलीकडचं एखादं माप आहे का, असा तक्ता कर. भारतातल्या चाचण्यांसाठी सीटीआरआय या नोंदवहीत नोंद शोधता येते, ती सगळ्यांना खुली आहे. थकवा, पाठदुखी, पोटाचा त्रास, चिंता, कुठल्याही विषयावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला हे करता येईल. सरांकडे जाताना बहिणीची गोष्ट घेऊन जाऊ नकोस, हा तक्ता घेऊन जा. "सर, तुम्ही सांगितलेली चाचणी मी वाचली, काही शंका आहेत" असं म्हटलं तर चांगला शिक्षक खुर्ची पुढे ओढतो. तुझे सर तसे नसतील, तरी तक्ता तुझ्या प्रबंधात राहीलच.

आईशी वाद घालू नकोस. 'मनावर घेतलंय' हे आईच्याच तोंडी आहे असं नाही. १९५५मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये डॉक्टर-नर्सांसह दोनशेहून जास्त कर्मचारी अशाच आजाराने पडले. १९७०मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी एकाही रुग्णाला न तपासता, जुने कागद वाचून, तो सामूहिक हिस्टेरिया ठरवला. एक कारण दिलं ते हे की पडलेल्यांत बायका जास्त होत्या. आईला एवढंच सांग की व्यायामाने बहिणीला अपाय झालाय आणि तिकडच्या सरकारी मार्गदर्शनातही आता तो देऊ नका म्हणून लिहिलंय. 'बहिणीला सूर्यनमस्कार घालायला सांगणं बंद कर', ही विनंती मात्र आईला स्पष्ट कर.

हे वाचून ज्यांना 'मलाही असंच होतं' वाटेल त्यांच्यासाठी दोन शब्द. थकव्याची कारणं शेकडो आहेत, आणि त्यातली बरीच बरी होणारी आहेत. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२, झोपेतला श्वासाचा त्रास, क्षय, नैराश्य, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. नैराश्य निघालं तर उपचार घ्यायला लाजू नका, तिथे सीबीटीचा पुरावा चांगला आहे आणि चालायला जाण्याचाही फायदा होतो. पण श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हमखास कोसळायला होत असेल तर तो दिवस, केलेलं काम आणि उठायला लागलेला वेळ वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. नेट लावून स्वतःला ढकलू नका.

आणि फोन. फोन करण्याआधी मेसेज टाकून विचार, आज बोलणं झेपेल का. बोलणंही तिच्यासाठी श्रमच आहे, त्यामुळे दहा मिनिटांत तू स्वतःच आवरतं घे, तिला सांगायला लावू नकोस. 'आता बरं वाटतंय ना?' हा प्रश्न टाळ, त्याला 'हो' म्हणावंसं वाटतं. गेल्या आठवड्यात काय जमलं, काय नाही, ते विचार. तिच्यावर तो उपचार झाला तेव्हा ती मनापासून करत होती, कमी पडली ती नाही, हे तिला एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे. मानसशास्त्र शिकणाऱ्या माणसाकडून ते आलं तर तिला त्याची किंमत वेगळी वाटेल. तिचा अनुभव प्रबंधात घालायचा असेल तर आधी विचार, आणि ती नको म्हणाली तर विषय तिथेच सोड. तक्ता तिच्याशिवायही पुरेसा बोलेल.

तुझी,
ताई